सासरचं घराणं मेफ्लॉवरवरचं आहे म्हणतात, कागदांवरून खरं-खोटं कसं करायचं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे तेव्हा सांभाळून घ्या.

माझं सासर अमेरिकन, मॅसॅच्युसेट्समधलं. (मेफ्लॉवर म्हणजे १६२० ला इंग्लंडहून वसाहत करायला लोक घेऊन तिथल्या प्लिमथला आलेलं जहाज.) सासूबाईंनी माळा आवरायला काढला त्यात एक खोकं निघालं आणि "तुला असल्या गोष्टींची आवड आहे, तूच बघ" म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आत एक जाडजूड फॅमिली बायबल आहे, त्याच्या मधल्या पानांवर लग्नं, जन्म, मृत्यू हाताने लिहिलेत (सगळ्यात जुनी नोंद १८१९ च्या लग्नाची), थोडे फोटो, थोडी पत्रं, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याच्या पणजीच्या बहिणीने १९२५ च्या आसपास टाइप केलेली वंशावळ. ती सुरू होते "जॉन हाऊलंड, मेफ्लॉवर, १६२०, पत्नी गव्हर्नर कार्व्हरची मुलगी" अशी आणि एका दमात पणजीपर्यंत येते. कशावरून लिहिलं ते कुठेच नाही. सासूबाई दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापायच्या आधी ही कथा ऐकवतात, सगळे निमूट ऐकतात.

आता लेकीला शाळेत "आम्ही मेफ्लॉवरवाले" असं सांगायचंय. मला तिच्याकडून खोटं वदवायचं नाही आणि सासूबाईंना दुखवायचंही नाही. कुणी अमेरिकेतली जुनी कागदपत्रं धुंडाळली आहेत का? १६२० पासून खाली यायचं का? एका साइटवर नावं टाकली तर झाड क्षणात बाराव्या शतकातल्या फ्रान्सच्या राजापर्यंत पोचलं, त्यावर किती विश्वास ठेवायचा?

अंबाडीची_भाजी

फ्रान्सच्या राजापर्यंत पोचलात तर पॅरिसचा सातबारा काढून ठेवा, पुढेमागे हिस्सा मागता येईल. :))

दुपारचा_चहा

वाचतेय. आमच्याही शेजारीणबाई मेफ्लॉवरवाल्या आहेत. त्या जहाजावर नक्की माणसं होती तरी किती, की आमच्या लोकलसारखं लटकून आले होते?

तळटीप

@दुपारचा_चहा, १०२ प्रवासी होते आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळपास निम्मे गेले. पण जे उरले त्यांना पोरं भरपूर झाली. हाऊलंडलाच दहा मुलं, नातवंडं ८८. त्यामुळे खरे वंशजही ढिगाने आहेत, रूझवेल्ट (फ्रँकलिन) आणि थोरले बुश दोघेही हाऊलंडच्याच वंशातले. तुमच्या शेजारीणबाई खऱ्याही असू शकतात.

आता पाटीपेन्सिल ताई. तुमच्या वंशावळीतल्या पहिल्याच ओळीत एक गंमत आहे. हाऊलंडची बायको गव्हर्नर कार्व्हरची मुलगी नव्हतीच. ती एलिझाबेथ टिली, जॉन टिलीची मुलगी, जहाजावर आली तेव्हा तेरा वर्षांची असेल. आई-बाप, काका-काकू सगळे त्या पहिल्या हिवाळ्यात वारले, ही एकटी राहिली. हाऊलंड हा कार्व्हरच्या पदरचा माणूस होता, कार्व्हर स्वतः १६२१ च्या वसंतात वारला, पाठोपाठ त्याची बायको. पोरक्या एलिझाबेथला बहुधा कार्व्हरनेच घरात घेतलं असावं, त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी "कार्व्हरच्या घरातली" चं "कार्व्हरची मुलगी" करून टाकलं. गव्हर्नरची लेक ऐकायला बरी वाटते ना.

हे कळलं कसं? विल्यम ब्रॅडफर्ड हा वसाहतीचा दुसरा गव्हर्नर, त्याने सगळी हकीकत हाताने लिहून ठेवली होती आणि शेवटी १६५० च्या सुमारास प्रवाशांची यादीच दिली होती, कोण आलं, कोण मेलं, कुणाचं कुणाशी लग्न, मुलं किती. ते हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनहून गायब झालं. १८५५ मध्ये ते सापडलं लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात. १८५६ मध्ये छापलं गेलं, मूळ प्रत १८९७ ला मॅसॅच्युसेट्सला परत आली. त्यात स्पष्ट लिहिलंय की हाऊलंडने टिलीच्या मुलीशी लग्न केलं.

म्हणजे बघा, तुमच्या आजेसासूबाईंनी १९२५ ला टाइप केलं पण माहिती घेतली ती १८५६ च्या आधीच्या कुठल्या तरी कथेवरून किंवा तिच्या नकलेवरून. ही एकच चूक तुम्हाला त्या कागदातल्या माहितीचं वय सांगते. म्हणून पूर्ण कागद खोटा असं नाही, पण दर ओळीला "कशावरून?" विचारायचं.

आणि १६२० पासून खाली अजिबात येऊ नका. तुमच्या नवऱ्यापासून मागे जा. मेफ्लॉवरवरून आलेल्यांच्या पहिल्या पाच-सहा पिढ्यांवर लोकांनी शंभर वर्षं काम केलंय, तिथे तुम्हाला फारसं काही करायचं नाही. घोळ असतो तो मधे, साधारण १७८० ते १८५० मध्ये. तेव्हाचे लोक जुनं गाव सोडून पश्चिमेकडे निघाले आणि जिथे गेले तिथे जन्म-मृत्यू लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. बहुतेक खोट्या वंशावळी तिथेच जोडलेल्या असतात.

एक काम आत्ताच करा. बायबलचं पहिलं पान उघडून छपाईचं वर्ष बघा.

निवांत_गडी

छान माहिती पण मूळ प्रश्न असा की कशाला? चारशे वर्षांपूर्वीचा एक माणूस म्हणजे बारा पिढ्या, तेव्हा चार हजार पूर्वज होते तुमच्या मिस्टरांचे. त्यातला एक जहाजावर होता म्हणून बाकीच्या ४०९५ जणांनी काय घोडं मारलंय?

पाटीपेन्सिल

@तळटीप, बाप रे! सासूबाईंना गव्हर्नरचं कसं सांगू आता.

बायबल १८४६ ला छापलेलं आहे. आणि आता नीट बघितलं तर १८१९ पासून १८४५ पर्यंतच्या सगळ्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत आहेत. पुढच्या वेगवेगळ्या हातच्या. याचा अर्थ?

@निवांत_गडी, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण मला ते ४०९५ पण चालतील की. कुणीतरी खरं सापडावं एवढंच.

तळटीप

अर्थ असा की १८४६ नंतर कुणीतरी बसून आठवणीने मागचं सगळं एकदम उतरवलं. म्हणजे १८१९ ची तारीख २७ वर्षांनी लिहिलेली आहे. बायका अशा तारखा सहसा चुकत नाहीत, पण पहिलं मूल लग्नानंतर लवकर झालं असेल तर लग्न सोयीने थोडं मागे सरकवलेलं मी पाहिलंय. ;)

१८१९ ला लग्न झालेला हा गृहस्थ कुठला? टाइप केलेल्या कागदात त्याचा बाप कोण दिलाय?

अंबाडीची_भाजी

या गृहस्थाला आपण बायबलबाबा म्हणू. बारशाचे पेढे धागाकर्तीकडून.

पाटीपेन्सिल

बायबलबाबा हे नाव आवडलं, आडनाव तसंही इथे द्यायचं नाहीये. (ते हाऊलंड नाही, मधे एका मुलीकडून वळलंय.) लग्न न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला, जेनेसी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). कागदात जन्म वर्माँट, साल नाही. बाप म्हणून मॅसॅच्युसेट्सचा एक माणूस दिलाय, १७६० चा जन्म, क्रांतियुद्धात लढलेला.

अजून एक विचारायचं होतं. हाऊलंडचा मृत्यू कागदात १६७२ आणि साइटवर १६७३ असा आहे. कुठलं धरायचं?

सावळागोंधळ

हे मला येतं, हे मी सांगणार! दोन्ही बरोबर. इंग्रजांकडे तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. हाऊलंड गेला फेब्रुवारीत, म्हणजे त्यांच्या हिशोबाने अजून १६७२ चालू होतं आणि आपल्या हिशोबाने १६७३ लागलं होतं. म्हणून नीट लिहिणारे १६७२/७३ असं लिहितात. १७५२ मध्ये ब्रिटनने आणि वसाहतींनी नवं कॅलेंडर घेतलं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. जॉर्ज वॉशिंग्टनचा वाढदिवससुद्धा ११ फेब्रुवारीचा २२ झाला आणि वर्ष १७३१ चं १७३२. आपल्याकडे शके आणि इसवीसनाचा मेळ घालताना चैत्राच्या आधीचं की नंतरचं बघावं लागतं, तोच प्रकार.

जुन्या नोंदीत महिने आकड्यात असतील तर अजून जपा, "पहिला महिना" म्हणजे मार्च. यात लोकांनी आईच्या लग्नाआधी पोरं जन्माला घातली आहेत.

निवांत_गडी

म्हणजे तळटीप म्हणतात तसं लग्न मागे सरकवायची गरजच नव्हती, कॅलेंडर होतंच मदतीला.

खडूस_आजोबा

सेन्सस बघा ना सरळ. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती आहे. इतका काय काथ्याकूट.

तळटीप

@खडूस_आजोबा, १७९० ते १८४० च्या शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीच्यांचे नुसते आकडे, अमुक वयाचे पुरुष इतके, बायका इतक्या. घरात दिसणारा "१६ ते २६ वयाचा पुरुष १" हा बायबलबाबा, की पुतण्या, की गडी, कोण सांगणार? घरातल्या सगळ्यांची नावं १८५० पासून, तीही फक्त स्वतंत्र माणसांची. नातं काय ते १८८० पासून. आणि १८९० ची तर जवळजवळ सगळीच गेली, वॉशिंग्टनमध्ये १९२१ ला आग लागली त्यात बरीच जळाली-भिजली आणि उरलेली नंतर सरकारनेच नष्ट केली.

न्यूयॉर्कने १८५५ ला स्वतःची वेगळी शिरगणती केली होती, ती मात्र सोनं आहे. नातं विचारलंय, राज्यातला जन्म असेल तर कुठल्या काउंटीतला ते विचारलंय, इथे राहायला येऊन किती वर्षं झाली तेही. तुमच्या काउंटीची पानं उरली असतील तर आधी ती बघा. जेनेसी काउंटीचे नंतर तुकडे पडत गेले, मनरो आणि लिव्हिंग्स्टन १८२१ ला, ऑर्लिन्स १८२४ ला, वायोमिंग १८४१ ला. माणूस जागचा हलला नाही तरी काउंटी बदललेली दिसते. जुने कागद बटाव्हियाला, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावी, राहिले असतील.

शिवाय तिथल्या जमिनी हॉलंड लँड कंपनी विकायची, ऑफिस बटाव्हियालाच. हप्त्याने जमीन घेणाऱ्यांची खाती त्यांच्या वह्यांत आहेत, कोण कधी आला ते त्यावरून कळतं. वर्माँटहून तिकडे जाणाऱ्यांची रीघ लागली होती. १८१६ ला तर उन्हाळाच आला नाही, जूनमध्ये बर्फ पडलं, आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता त्याचा परिणाम. पिकं गेली, लोकांनी गाशा गुंडाळला. बायबलबाबा १८१९ ला जेनेसीत लग्न करतोय म्हणजे त्याच लाटेतला असेल.

उसाचा_रस

डीएनए टेस्ट करा की, शंभर डॉलरच्या आत काम. नवऱ्याला एका नळीत थुंकायला सांगायचं. कागदं खोटं बोलतात, रक्त नाही.

जनुकजोशी

@उसाचा_रस, रक्त खोटं बोलत नाही पण इतक्या लांबचं बोलतच नाही हो. नेहमीची जी टेस्ट आहे ती पाच-सहा पिढ्यांपर्यंत बरी चालते. दहा-बारा पिढ्या मागच्या बहुतेक पूर्वजांचा एक तुकडासुद्धा आपल्यात उरलेला नसतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास तसंच जातं, त्याने आडनावाची सरळ रेघ तपासता येते, पण ताईंच्या वंशावळीत मधे मुलगी आहे म्हणजे ती वाटही बंद.

उपयोग आहे तो दुसऱ्या ठिकाणी. बायबलबाबाचे भाऊ-बहीण कोण असा संशय असेल तर त्यांच्या आजच्या वंशजांशी नवऱ्याचं, त्याहून चांगलं म्हणजे सासूबाईंचं जुळतंय का बघायचं. सासूबाई एक पिढी जवळ आहेत त्यामुळे आधी त्यांची टेस्ट करा.

अंबाडीची_भाजी

सुनेने सासूला "थुंका यात" म्हणायचं. कलियुग.

पाटीपेन्सिल

हहपुवा!! सासूबाईंना वाचून दाखवणार आहे हे.

घाटमाथा

थोडा वेगळा सूर लावतो. वर सगळे "कागद बघा, कागद बघा" म्हणतायत, पण हे कागद असणं हीच एक चैन आहे. माझा एक सहकारी आफ्रिकन अमेरिकन आहे, त्याचं घराणं मेफ्लॉवरवाल्यांइतकंच जुनं असू शकतं, पण तो १८७० ला अडकतो. कारण गुलामीतून सुटलेल्यांची नावं पहिल्यांदा १८७० च्या शिरगणतीत येतात. १८५० आणि १८६० ला गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या, त्यात नाव आहे मालकाचं आणि त्याखाली वय, लिंग, रंग. बस. त्याच्या मागे जायचं तर मालकाच्या घराण्याचे कागद शोधावे लागतात, मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, जिथे माणसं बैल आणि नांगरांच्या मधे किमतीसकट लिहिलेली असतात. तो म्हणतो माझ्या आजोबांचे आजोबा मला ज्या ओळीत सापडले त्याच्या वरच्या ओळीत एक घोडी होती.

आणि हे फक्त दक्षिणेत असं समजू नका, मॅसॅच्युसेट्समध्येही १७८० च्या दशकापर्यंत गुलाम होते. प्लिमथच्या आसपास तर आधीपासून वांपानोग लोक राहत होते, १६७५-७६ च्या लढाईनंतर त्यांच्यातल्या कितीतरी कैद्यांना वेस्ट इंडीजला गुलाम म्हणून विकलं. त्यांचे वंशज आजही मॅशपी आणि अक्विना इथे आहेत. लेकीला मेफ्लॉवर सांगाल तेव्हा हेही सांगा.

निवांत_गडी

+१. हेच मला म्हणायचं होतं पण इतकं चांगलं म्हणता आलं नसतं.

खडूस_आजोबा

झालं, आला राजकारणाचा मसाला. ताईंनी साधा प्रश्न विचारलाय, प्रत्येक धाग्यावर गिल्टी वाटून घेतलंच पाहिजे का?

घाटमाथा

आजोबा, गिल्टी कोण वाटून घेतंय, कुठले कागद कुठपर्यंत जातात हाच तर धाग्याचा विषय आहे.

तळटीप

घाटमाथा यांच्या सहकाऱ्याला फ्रीडमन्स बँकेचे (गुलामीतून सुटलेल्यांसाठीची बँक) कागद बघायला सांगा, १८६५ ते १८७४ मधले. खातं उघडताना आई-बाप, भावंडं, कधीकधी जुना मालक असं सगळं विचारून लिहून घेतलेलं सापडतं. बँक बुडाली, ठेवीदारांचे पैसे गेले, कागद मात्र राहिले.

मोडीत_काढलेला

अवांतर: १६३५ मध्ये व्हर्जिनियाच्या जमिनीच्या एका कागदात "टोनी, ईस्ट इंडियन" अशी नोंद आहे. तिथे पद्धत अशी होती की जो कुणी स्वखर्चाने माणूस आणेल त्याला डोक्यामागे ५० एकर जमीन. जॉर्ज मेनिफी नावाच्या बड्या असामीने जी डोकी दाखवून जमीन मागितली त्यात हा टोनी. म्हणजे मेफ्लॉवरनंतर पंधरा वर्षांत आपल्याकडचा माणूस तिथे पोचलेला. खरं नाव काय, कुठल्या बंदरातून नेला, काही कळत नाही.

दुपारचा_चहा

अंगावर काटा आला हे वाचून.

नगरी_नग

मोडीत_काढलेला, उलट दिशेनेही आहे की. आमच्या नगरला अमेरिकन मिशनचे लोक आले ते बरेचसे याच न्यू इंग्लंडमधले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ ला मुंबईत उतरले, हॉल मॅसॅच्युसेट्सचा. न्यू हॅम्पशायरची सिंथिया फरार १८२७ ला आली, लग्न न करता पस्तीस वर्षं इकडेच राहिली, १८६२ ला नगरलाच वारली. जोतीराव फुले तिची मुलींची शाळा बघायला गेले होते, ती हीच फरारबाई. अमेरिकेत कुणी त्या घराण्याची वंशावळ काढत असेल तर एक फांदी थेट नगरात येऊन संपते. मिशनचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे, त्यात घरच्यांच्या बातम्याही असतात. ताई, तुमच्या खोक्यातल्या पत्रांत कुणी "बॉम्बे" म्हणतंय का बघा!

पाटीपेन्सिल

बघितलं, कुणी नाही म्हणत, मलाही वाईट वाटलं. :(

हेळवी_नंबर_एक

तुमच्या अमेरिकनांची ही कागदांची दमछाक बघून हसू येतंय. आमच्या गावी हेळवी येतो, बैलावर बसून, खुळखुळ्यासकट बावीस पिढ्या म्हणून दाखवतो आणि धान्य घेऊन जातो. नाहीतर त्र्यंबकेश्वरला जा, तीर्थोपाध्ये वही काढून आजोबांची सही दाखवतात.

सावळागोंधळ

आणि त्या वह्यांचे फोटो काढून कुणी ठेवले माहितीये? युटाच्या मॉर्मन चर्चवाल्यांनी. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या त्यांनी मायक्रोफिल्मवर घेतल्यात. फॅमिलीसर्च ही फुकट साइट त्यांचीच, ताईंचं अर्धं काम तिथेच होणार आहे.

हेळवी_नंबर_एक

म्हणजे बैल गेला आणि मॉर्मन आला.

बखरकार

धागा जरा ताळ्यावर आणतो. पाटीपेन्सिल, ती टाइप केलेली वंशावळ आजेसासूबाईंनी स्वतः काढली की कुणाकडून पैसे देऊन करून घेतली? त्या काळात हा मोठा धंदा होता. गुस्ताव अंजू नावाचा इसम होता, १९४२ ला वारला, श्रीमंत अमेरिकनांना वंशावळी बनवून द्यायचा. त्याची रीत अशी की अलीकडची माणसं खरी, पलीकडचा इंग्लंडातला उमराव खरा, आणि मधे दोघांना जोडणारं मृत्युपत्र किंवा चर्चची नोंद जिचं नावनिशाण कुठे नाही. आजही त्याच्या वंशावळी झाडांत कॉपी होतायत. तुमचं ते फ्रान्सच्या राजाचं झाडही असंच कुठून तरी आलं असेल.

पाटीपेन्सिल

पैसे दिल्याची काही खूण नाही. पत्रांवरून वाटतं की तिने नात्यातल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून लिहिलं. "काकी म्हणाली की आपण प्लिमथचे" असलं बरंच आहे.

तळटीप

मग प्रामाणिक बाई आहे. कागदात बाप क्रांतियुद्धात लढला म्हटलंय ना, मग पेन्शनची फाइल बघा. १८१८, १८३२ ला सैनिकांना पेन्शन मिळाली, १८३६ च्या कायद्याने विधवांना. विधवेला लग्न सिद्ध करावं लागायचं आणि चर्चचा दाखला नसला तर बायका घरच्या बायबलचं पान फाडून अर्जाला जोडायच्या. ती पानं आजही वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये त्या फाइलींत आहेत, सगळं स्कॅन झालेलं आहे. शेजारीपाजारी साक्ष देतात की मी या दोघांच्या लग्नाला हजर होतो, जेवण काय होतं इथपर्यंत.

ती नाही मिळाली तर जमिनीची खरेदीखतं. न्यू इंग्लंडमध्ये बाप वारला की मुलं-मुली-जावई मिळून हिस्सा विकतात आणि खतात प्रत्येकजण आता कुठे राहतो ते लिहिलेलं असतं. विवाहित मुलींची नवी आडनावं तिथेच सापडतात. हल्ली फॅमिलीसर्चवर हाताने लिहिलेल्या खतांतही मजकूर शोधता येतो, यंत्र ते अक्षर वाचतं. गावाचं नाव माहीत नसलं तरी चालतं.

आणि एक जुनी गंमत. न्यू इंग्लंडच्या गावांत कुणी नवं कुटुंब आलं की गावाचा शिपाई त्यांना "इथून निघून जा" अशी नोटीस द्यायचा. खरंच हाकलायचे असं नाही, उद्या हे गरीब झाले तर पोसायची जबाबदारी आमच्यावर नको म्हणून कायदेशीर पळवाट. त्या नोटिशीत कुठून आले ते असतं. पूर्वजाला गावाने हाकलला की आपण खूष व्हायचं.

पाटीपेन्सिल

मंडळी, अपडेट आहे. उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, घरी सगळेच आजारी होते.

पेन्शनची फाइल मिळाली. कागदातल्या त्या १७६० वाल्या बापाच्या विधवेने अर्ज केलाय, बायबलचं पान खरंच जोडलंय, नऊ मुलांची नावं आहेत. त्यात आमच्या बायबलबाबाच्या नावाचा मुलगा आहे!! मी उड्या मारणार तेवढ्यात पुढचा कागद वाचला. त्या मुलाने स्वतः १८३८ ला ओहायोमधून आईसाठी शपथपत्र दिलंय की मी अमुक वर्षांपासून ओहायोत राहतो. आमचा बायबलबाबा तेव्हा जेनेसीत, सातवं मूल १८३८ चंच. म्हणजे एकाच नावाची दोन माणसं.

मग तळटीप म्हणाले तसं खतांमध्ये मजकूर शोधून बघितला, बायबलबाबा आणि त्याच्या बायकोचं नाव एकत्र टाकून. १८२९ चं वर्माँटमधलं एक खत निघालं, पाच भावंडं मिळून वारलेल्या बापाची जमीन विकतायत, त्यात "बटाव्हिया, जेनेसी काउंटीचा रहिवासी" असा आमचा बाबा आणि बायकोचं नाव बायबलमधलंच. बाप पूर्ण वेगळा माणूस.

हाऊलंडची फांदी त्या ओहायोवाल्याकडे जाते. आमच्याकडे नाही.

अंबाडीची_भाजी

आता थँक्सगिव्हिंगला काय?

निवांत_गडी

४०९५ तरी शाबूत आहेत.

पाटीपेन्सिल

सासूबाईंना सांगितलं. आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या "त्या ओहायोवाल्यांना हे माहीत आहे का?" आणि आता त्यांना ते लोक शोधून काढून कळवायचंय. आणि रागावल्यात त्या आजेसासूवर, माझ्यावर नाही, ते बरं झालं. लेकीने शाळेत १८१९ पर्यंतचं सांगितलं, जहाजापेक्षा जूनमधल्या बर्फाची गोष्ट वर्गाला जास्त आवडली म्हणे.

बखरकार

सलाम. बहुतेक लोक पेन्शनच्या फाइलीतलं पहिलं पान बघून थांबले असते आणि चूक पुढे शंभर वर्षं चालली असती. शक्य असेल तर साइटवरच्या झाडात ते शपथपत्र जोडून ठेवा, नाहीतर कुणीतरी पुन्हा तुम्हाला हाऊलंडला चिकटवेल.

जनुकजोशी

सासूबाईंची टेस्ट मात्र कराच. खतातल्या बाकीच्या चार भावंडांचे वंशज सापडले तर पक्कं होईल.

घाटमाथा

नवा बाप कुठून आला काही कळलं का? १८२९ ला वर्माँटमध्ये वारला म्हणजे तोही बहुधा कुठूनतरी खालून वर गेलेला असणार.

तळटीप

कनेक्टिकटमधून आलेले खूप असतात, आधी तिथे बघा. आणि ताई, वर्माँटमध्ये जमिनीचे कागद काउंटीत नसतात, गावाच्या क्लर्ककडे असतात, हाकलायच्या नोटिसाही तिथल्याच वह्यांत. त्या खतात साक्षीदार कोण आहेत त्यांचीही नावं टिपून ठेवा, बरेचदा बायकोच्या माहेरचे निघतात.

पाटीपेन्सिल

साक्षीदार दोन आहेत, एकाचं आडनाव बायबलबाबाच्या थोरल्या मुलाचं मधलं नाव आहे!! आत्ता लक्षात आलं. क्लर्कबाईंना मेल केली होती, त्या म्हणाल्या १८०० च्या आधीची वही तिजोरीत आहे, स्कॅन नाही, येऊन बघा, आम्ही आठवड्यातून दोनच दिवस सकाळी उघडतो. सासूबाई गाडी चालवणार म्हणतायत.